चार बोटांचे अंतर

मित्रांनो, मी एक जुने पॅड आहे. कराटेच्या वर्गात शिकणाऱ्यांच्या लाथा आणि ठोसे खाणे हे माझे काम. हसू नका. मार खायलाही अंगात काहीतरी असावे लागते. आज मी तुम्हाला माझी हकीकत सांगणार आहे, आणि आधीच कबूल करते की तिच्यात माझ्या कौतुकापेक्षा माझी चूक मोठी आहे.

प्रवासी पिशव्या शिवणाऱ्या एका कारागिराच्या हातून माझा जन्म झाला. पुढे जाड चामडे, मागे तंबूचे कापड आणि हात अडकवायला दोन पट्टे असे माझे रूप. पोटात त्याने चिंध्या ठासून भरल्या, पण मधोमध मूठभर जागा मुद्दाम रिकामी ठेवली. त्याची बायको शेजारी बसून दोऱ्याला मेण लावत होती. तिने विचारले, “अहो, मधे पोकळ का ठेवलंत?”

“आवाज यायला नको का?” तो म्हणाला. “नुसतं भस्स झालं तर मारणाऱ्याचा हुरूपच जातो.”

त्याने माझ्यावर एक बुक्की मारली. ठाप! खोलीभर आवाज घुमला. तेव्हापासून मला माझ्या आवाजाचा फार अभिमान होता. पुढे तोच मला भोवला.

मला विकत घेणारे सर तेव्हा ऐन तिशीत होते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचा वर्ग भरे. दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेली लांबट जागा, जमिनीवर निळ्या गाद्या, एका कोपऱ्याला तडा गेलेला आरसा. खाली कोणी चाकात हवा भरू लागले की वर फुसफुस ऐकू येई आणि लहान मुले फिदीफिदी हसत. सर नुसते बघत. तेवढ्यानेच सगळी चिडीचूप होत.

नव्याने आलेल्यांच्या कमरेला पांढरा पट्टा असे. पांढऱ्यावरून पिवळ्यावर जाणे ही मोठ्यांच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट असेल, पण त्या ओळीत उभ्या असलेल्यांना विचारा. कित्येकांना त्या दिवसांत जेवण गोड लागत नसे. परीक्षेत आधी उभे राहण्याच्या पद्धती, हाताचे अडवणे, ठोसे असे सगळे दाखवावे लागे. शेवटी तीन किक. शिकणाऱ्याने एका लाल पट्टीवर उभे राहायचे, समोरच्या पट्टीवर मला धरून सर उभे राहायचे. सर हलणार नाहीत. तीनपैकी दोन किक माझ्यावर नीट बसल्या पाहिजेत. न बसल्या तर चार महिने पुन्हा पांढरा पट्टा.

किती पाय माझ्यावर बसले त्याला गणती नाही. घाबरलेले पाय, चिडलेले पाय, मोज्यांचा वास येणारे पाय. पहिल्यांदा नीट किक बसून ठाप असा आवाज झाला की मारणारा स्वतःच दचकायचा आणि मग त्याचा चेहरा खुलायचा. त्या चेहऱ्यांसाठी मी आनंदाने मार खाल्ला. पालक दारात उभे राहून म्हणत, “काय दणदणीत आवाज काढतंय पोरगं!” ते कौतुक मुलांचे असे, पण थोडे मीही लाटत असे.

त्या वर्षांत सरांची मुलगी वर्गात आली. सहा वर्षांची, अंगाने बारकी. इतरांसमोर पाषाणासारखे उभे राहणारे सर तिच्यासमोर मात्र बदलत. तिचा इवलासा पाय वर आला की ते मला घेऊन हळूच पुढे सरकत. चारच बोटे. ठाप! मुलगी टाळ्या पिटत नाचायची. सरांच्या लक्षातही येत नसावे असे मला पहिल्यांदा वाटले. परीक्षेच्या दिवशी मात्र ते सरच होते. पाय रोवून उभे राहिले. मुलीच्या तिन्ही किक हवेत गेल्या.

ती जिन्याजवळच्या चपलांच्या फळीशी बसून रडली. “माझ्या पायात जोरच नाही,” एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. सरांनी फळीवरून तिच्या चपला काढून तिच्या पुढ्यात ठेवल्या.

मुलगी जिद्दीची निघाली. इतरांच्या दुप्पट मेहनत करून तिने एकेक पट्टा मिळवला आणि शेवटी काळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचली. सगळे तिला ताई म्हणू लागले. सरांचे हात जसे थरथरू लागले तसे नवशिक्यांचे सगळे काम तिने अंगावर घेतले. वर्गात ती वडिलांना सर म्हणते, घरी गेल्यावर बाबा. हा नियम तिचा तिनेच केलेला.

दरम्यान माझे दिवस फिरले. रबरी फोमची नवी, हलकी, रंगीत पॅडे आली. माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे मी अडीच वर्षे पडून होते. ओल लागली, चामड्याला बुरशी आली, एका बाजूची शिवण सैल झाली. खालून नव्या पॅडांचे पचक पचक आवाज ऐकू येत आणि माझा जीव तिळतिळ तुटे. मला कोणी विचारत नव्हते.

मग एके दिवशी ताईने स्टुलावर चढून मला खाली काढले. “नव्या पॅडांचा आवाजच येत नाही,” ती कोणाला तरी सांगत होती. “नवीन मुलं हिरमुसतात.” तिने मला ओल्या फडक्याने पुसले, तीन दिवस खिडकीत उन्हाला ठेवले, चामड्याला तेल लावले. मला पुन्हा जन्म मिळाल्यासारखे झाले. तिच्यासाठी वाटेल तेवढा आवाज करीन असे मी मनाशी ठरवले.

त्याच महिन्यात पांढऱ्या पट्ट्यांच्या ओळीत एक नवी विद्यार्थिनी आली. वय अठ्ठेचाळीस. कोपऱ्यावरची बेकरी तिची. खरे म्हणजे ती आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला सोडायला आली होती. मुलगी आठ दिवसांत कंटाळून घरी बसली आणि आई मात्र राहिली. आठ-आठ वर्षांच्या मुलांमध्ये ती एकटीच उंच, पांढऱ्या ड्रेसच्या बाह्या दुमडलेली. मुले तिला मावशी म्हणत. ती आली की गाद्यांवर ताज्या पावाचा वास पसरे आणि निम्म्या ओळीचे लक्ष उडे.

“मावशी, तुम्हाला हे कशाला हवं?” ताईने तिला एकदा विचारले.

“तीस वर्षं एकाच टेबलाशी उभी आहे मी, ताई. दोन्ही पाय एकाच जागी,” मावशी म्हणाली. “इथं आल्यावर माझा पाय पहिल्यांदा कमरेच्या वर गेला. मला किती हसू आलं म्हणून सांगू!”

तिच्या मुलीला मात्र हसू येत नव्हते. ती एकदा दारात येऊन दबक्या आवाजात म्हणाली, “आई, अगं, तू त्या बारक्या पोरांच्या ओळीत उभी राहतेस. माझ्या मैत्रिणी विचारतात मला. कसं दिसतं ते!”

“ही परीक्षा होऊ दे,” मावशी म्हणाली. “यलो बेल्ट नाही मिळाला तर सोडून देते. मग तर झालं?”

ताईने ते ऐकले. मीही ऐकले. आणि त्या दिवसापासून ताई मला मावशीसमोर धरायची तेव्हा तिचा पुढचा पाय हलायला लागला. मावशीची किक आली की चार बोटे पुढे. ठाप! मुले ओरडायची, “मावशी, भारी!” मावशी घाम पुसत हसायची. मित्रांनो, मला ते कळत होते. माझ्या पट्ट्यांतून मला धरणाऱ्याची हालचाल आधी कळते आणि मारणाऱ्याचा जोर नंतर. मावशीचा पाय पोहोचत नव्हता, मी तिच्या पायापर्यंत जात होते. मला बोलता येत नाही, हे खरे. पण बोलता आले असते तरी मी बोलले असते का? मला माझा आवाज ऐकायचा होता.

परीक्षा झाली. मावशीने ठोसे चोख मारले, एकही अडवणे चुकले नाही. मग सरांनी मला हातात घेतले. त्यांचे हात थरथरत होते, पण पाय तसूभर हलत नव्हते. पहिली किक माझ्यापासून चार बोटांवर थांबली. दुसरी तशीच. मावशीला काही कळेना. तिसऱ्या वेळी तिने जिवाच्या आकांताने पाय फेकला, तोल गेला आणि ती कमरेवर पडली. एक लहान मुलगा हसला आणि लगेच गप्प झाला. दारात तिची मुलगी उभी होती.

“अंतर कमी पडलं, बाई,” सर हळू म्हणाले. त्यांनी तिला हात देऊन उठवले. “पुढच्या वेळी.”

जिन्यात मुलीचा आवाज आला, “आई, पुरे झालं आता. तू कबूल केलं होतंस.”

“मला फक्त उद्याचा दिवस दे,” मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती वर्ग भरण्याच्या अर्धा तास आधी आली. हातात कागदाची पुडी होती. ताई एकटीच गाद्या झाडत होती. ती घाईघाईने म्हणाली, “मावशी, मनाला लावून घेऊ नका. तुमची किक चांगली आहे. कालचा दिवसच वाईट होता.”

मावशीने मला मांडीवर घेतले, उलटे केले आणि पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केले. कान देऊन ऐकले.

“पाव आतून भाजला की नाही, ते मी असंच बघते,” ती म्हणाली. “खालून वाजवायचा. आवाजावर माझं पोट चालतं, ताई. याचा आवाज मी इतके दिवस रोज ऐकला आणि काल एकदाही नाही. पीठ तेच, भट्टी तीच, मग पाव कच्चा कसा राहिला? काहीतरी हललेलं आहे.”

“काही नाही हललं, मावशी.”

“मग जरा हे पॅड धरून उभ्या राहा. रोजच्यासारख्या.”

ताई मला घेऊन लाल पट्टीवर उभी राहिली. मावशीने पुडी उघडली. आत मैदा होता. तिने खाली वाकून ताईच्या दोन्ही पावलांभोवती मैद्याची बारीक कड घातली, मग समोरच्या पट्टीवर गेली आणि किक मारली. ठाप! त्या रिकाम्या खोलीत तो आवाज मला स्वतःलाच मोठा वाटला.

दोघींनी खाली पाहिले. ताईचा पुढचा पाय मैद्याची कड मोडून चार बोटे बाहेर आला होता. निळ्या गादीवर पांढरे पाऊल स्पष्ट उमटले होते.

ताईचा चेहरा उतरला. “मी मुद्दाम नाही केलं,” ती म्हणाली. “खरंच सांगते, मला कळलंच नाही.”

“माहीत आहे मला. पुन्हा उभ्या राहा.”

पुन्हा कड घातली. पुन्हा ठाप, पुन्हा पाऊल बाहेर. तिसऱ्या वेळी ताईने ओठ घट्ट मिटले, अंग आवळले, तरी पाय गेलाच.

“माझी कीव आली का तुम्हाला?” मावशीने विचारले. आवाजात राग नव्हता. त्यामुळे ते जास्त लागले.

“कीव नाही हो,” ताईचे डोळे भरून आले. “किक हवेत गेली की जी शांतता होते ना, ती मला सोसत नाही. लहानपणी मी... जाऊ दे. ती कोणाच्याच वाट्याला येऊ नये असं वाटतं.”

तेव्हा दारातून सर म्हणाले, “ती शांतता तुझ्या वाट्याला मी आणली होती.”

ते केव्हा आले होते कोणास ठाऊक. चौकटीला हात टेकून उभे होते आणि गादीवरच्या त्या पांढऱ्या पावलांकडे बघत होते. “तू सहा वर्षांची होतीस. मी रोज असाच पुढे सरकायचो. तुझा चेहरा बघण्यासाठी. नंतर नंतर तर मला कळतही होतं. परीक्षेत सरकलो नाही आणि तू नापास झालीस.”

“बाबा,” ताई म्हणाली. त्या खोलीत हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. “मग सांगितलं का नाहीत? एकवीस वर्षं मी समजतेय की माझ्या पायात जोर नाही.”

“आधी लाज वाटली,” सर म्हणाले. “मग फार उशीर झाला.”

 शिष्याने गुरूसमोर वाकावे तसे ते आपल्या मुलीसमोर कमरेत खोल वाकले आणि तसेच राहिले. शेवटी ताईनेच त्यांना खांद्याला धरून उभे केले. त्या दोघांच्या मधे मी पडले होते. दोन्ही वेळा आवाज मीच केला होता. मला इतकी शरम कधीच वाटली नव्हती.

त्या दिवसापासून वर्ग बदलला. ताई पाय रोवून उभी राहायला शिकली, आणि तुम्हाला वाटते तितके ते सोपे नव्हते. मावशीची किक चार बोटांवर थांबायची आणि खोलीत नुसती शांतता. मग ताई सांगायची, “पाय लांब करू नका, मावशी. आधी गुडघा वर. मग कंबर पुढे ढकला, पाय आपोआप येईल.” मावशीची कंबर तीस वर्षे टेबलाला टेकलेली. ती पुढे कशी येणार? इतर मुलांचीही गत फारशी वेगळी नव्हती. कित्येक आठवडे माझा आवाज जवळजवळ बंद झाला. एक-दोन पालकांनी कुरकुर केली. ताई रोज वर्ग सुटल्यावर गळून गेल्यासारखी भिंतीला टेकून बसायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच उभी राहायची.

मावशीने मुलीकडून कशीबशी आणखी एका परीक्षेची मुदत मिळवली होती. शेवटचा महिना राहिला तेव्हा ती सरांची परवानगी घेऊन मला घरी घेऊन गेली. दुपारी भट्टी निवत असते त्या वेळात, बेकरीमागच्या बोळात, पिठाच्या रिकाम्या पोत्यांशेजारी आमचा सराव चाले. मला धरायचे कोणी? मुलीने.

“मी एक इंचसुद्धा हलणार नाही हं, आई,” ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली.

“तेच तर हवंय मला,” मावशी म्हणाली.

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मला इतके चोख कोणी धरले नाही. ती पोरगी जांभया द्यायची, मान फिरवून मांजराकडे बघायची, “झालं का?” म्हणून विचारायची, पण हलायची म्हणून नाही. तिला आईची किक लागावी असे वाटतच नव्हते, मग ती पुढे कशाला येईल! दहा दिवस मावशी हवेत लाथा मारत राहिली. अकराव्या दिवशी तिची बोटे माझ्या चामड्याला नुसती चाटून गेली. पंधराव्या दिवशी कंबर सुटली आणि पाय आला तो थेट माझ्या मध्यावर. ठाप! मुलगी तोल जाऊन पोत्यांवर बसली.

“आई! लागलं ना मला!” ती ओरडली. कोपर चोळत ती आईकडे बघत राहिली. असे बघताना मी तिला आधी कधी पाहिले नव्हते. मग ती उठली, तिने मला पुन्हा छातीशी धरले आणि म्हणाली, “परत मार.”

परीक्षेचा दिवस आला. सर ओळीसमोर उभे राहून म्हणाले, “आज पॅड ताई धरेल.” ताईने मला उचलले. लाल पट्टीवर उभी राहून तिने मावशीकडे पाहिले आणि विचारले, “पुडी आणली आहे का?”

मावशीने पुडी काढली. सर जागा करून द्यायला बाजूला झाले. ताईच्या पावलांभोवती मैद्याची कड पडली. मुले श्वास रोखून बघत होती. मावशीची मुलगी दारात नव्हती. ती आत येऊन भिंतीशी बसली होती.

पहिली किक एका बोटाने हुकली. शांतता. पट्ट्यांतून ताईचा हात आवळलेला मला कळला. तिच्या पुढच्या पायाची टाच किंचित उचललीसुद्धा गेली. मी मनात म्हटले, नको ताई, मला आवाज नको. टाच खाली टेकली.

दुसरी किक बसली. तिसरी अशी बसली की माझी जुनी सैल शिवण टर्रकन उसवली आणि पोटातल्या चिंध्या बाहेर आल्या. खाली दुकानात कोणीतरी “काय पडलं रे?” म्हणून ओरडले. वर कोणीच हलले नाही, कारण सगळे खाली वाकून गादीकडे बघत होते. मैद्याची पुढची कड जशीच्या तशी होती. मोडली होती ती मागची. मावशीच्या किकने ताई मागे रेटली गेली होती.

पिवळा पट्टा मावशीच्या कमरेला सरांनी बांधायचा होता. त्यांच्या थरथरत्या हातांना गाठ मारता येईना, तेव्हा मावशीची मुलगी पुढे झाली आणि तिने बांधली. “घट्ट बांध,” मावशी म्हणाली. तिला रडू येत होते.

माझी शिवणही त्या मुलीनेच घातली, पिठाच्या पोत्याच्या सुतळीने आणि दाभणाने. टाके वाकडेतिकडे आहेत, पण पक्के आहेत. तिने चिंध्या जरा जास्तच ठासल्या, त्यामुळे आतली पोकळ जागा बुजली आणि माझा पूर्वीचा आवाज गेला. आता मी नुसते धप्प वाजते. मला त्याचे दुःख नाही.

मित्रांनो, मला ओले कोपऱ्यात टाकू नका, अधूनमधून ऊन दाखवा, शिवण सुटली तर वेळेवर टाका घाला. जुन्या वस्तूंचे मागणे एवढेच असते. माझे मात्र आणखी एक आहे. कोणी शिकत असेल आणि त्याच्यासाठी मला धरायची पाळी तुमच्यावर आली, तर तुमचे पाय जागेवर ठेवा. त्याची किक हवेत जाईल, तुम्हाला पुढे सरकावेसे वाटेल, तरी ठेवा. अंतर त्याचे त्याला कापू द्या. तुम्ही फक्त तिथे उभे राहा, उद्याही आणि परवाही.

ताई अजून नवशिक्यांसमोर मलाच धरते. तिच्या शेजारी पांढऱ्या पट्ट्यांना गुडघा वर घ्यायला शिकवायला पिवळ्या पट्ट्याची मावशी उभी असते. नवे मूल समोर येऊन उभे राहिले की ताई आधी एकदा खाली, आपल्या पायांकडे बघते. मग म्हणते, “ये. मी इथेच आहे.”